व्हरांड्यातला माणूस

अंधेरी, मंगळवार, ५ नोव्हेंबर १९६८

वर्सोव्याच्या बंगल्याचा नकाशा आणि दर्शनी चित्र सकाळी पुरं केलं. पश्चिमेला भिंतभर काच, पुढे नुसता समुद्र. घर केवढं ते कळावं म्हणून व्हरांड्यात एक माणूस काढायचा असतो, तोही काढला. साहेब खूश. "झकास!"

दुपारी जागा बघायला गेलो. शेजारीच कोळ्यांची घरं, आणि एकूण एक समुद्राकडे पाठ करून! दारात सुकट निवडणाऱ्या म्हातारीला विचारलं, "मावशी, त्या बाजूला साधी खिडकीसुद्धा नाही?"

"घरात मानसं असली तर दर्या कोन बघत बसतंय?" ती म्हणाली. "माझा घरवाला परत आला नाय, तवा मी बघत बसलेले. आठ दिवस."

निघालो.

माझ्या खोलीच्या खिडकीतून समुद्र कुठला, शेजारच्या चाळीची भिंत दिसते. बायको, कुसुम, वारल्यापासून ऑफिसातून आलो की तीच बघत बसतो. दोन वर्षं! आत्ताही तेच चाललंय.

तो व्हरांड्यातला माणूस मी पाठमोरा का काढला?

उद्या त्याच्या शेजारी एक बाई काढणार आहे. साहेब विचारतील, ही कशाला? सांगेन, मापासाठी.