निळ्या मण्यांचा हार

प्रिय छकुले,

सकाळपासून चौथ्यांदा हे पत्र लिहायला बसतेय. दोन ओळी लिहिते, उठते, कपाटाचे खण उघडते, लावते, पुन्हा बसते. ‘ताईचा खोटा खजिना’ म्हणून ज्याची तू येणाऱ्याजाणाऱ्यापुढे टिंगल करायचीस, तेच कपाट. नावाजलेल्या कारागिरांनी घडवलेले जुने दागिने, पण सोन्याचा कणही नाही. रोमन नाण्यांसारखी पदकं, मुघल थाटाचे काचेचे डूल. मला त्यांचं तेच आवडायचं बघ. हजारो वर्षांपूर्वीच्या राणीचा तोरा कुणीतरी पितळ आणि काच घेऊन पुन्हा उभा करतो, आणि तो ऑफिसात टायपिंग करणाऱ्या बाईच्या गळ्यात शोभून दिसतो.

आईला शोभायचा तसा. इजिप्तच्या धर्तीचा तिचा तो निळ्या मण्यांचा हार, मधोमध भुंगा, मागच्या कडीवर कारागिराचा शिक्का. त्याच शिक्क्याचं कडं मला मिळालं, पुढे अकरा वर्षांनी कानातली मिळाली. संचात उरला फक्त हार. आईकडे मागितला, तर म्हणाली, “माझ्यामागे घे गं, एवढी कसली घाई?” घाई होतीच मला. जुन्या वस्तूंच्या वेडात माणूस वखवखतो, हे तुला सांगून कळायचं नाही.

गेल्या वर्षी तुझ्या घरातून तो हार नाहीसा झाला आणि आईला सांभाळणाऱ्या बाईंना तू त्याच दिवशी घालवून दिलंस. चार वर्षं आईची वेणी घालणाऱ्या, तिला भरवणाऱ्या बाई. मी स्वयंपाकघरात तुझ्यासाठी चहा करत होते. त्या पिशवी भरत होत्या आणि मी चहा गाळत राहिले. आई मात्र शेवटपर्यंत त्यांनाच हाका मारत होती.

मागच्या आठवड्यात माझ्या घराजवळच्या लॉन्ड्रीत ब्लँकेट टाकायला गेले, तर आत इस्त्री करत त्याच उभ्या. वाटलं, आता हाराचं काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, आई कशा गेल्या हो? फार त्रास नाही ना झाला?” काहीतरी पुटपुटून मी बाहेर पडले. तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये.

हार मी उचलला होता, छकुले. आई झोपली होती, बाई तिचे कपडे वाळत घालत होत्या आणि तू कामावर होतीस. काल पुन्हा लॉन्ड्रीत जाऊन मी बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग? मी घेतला नव्हता हे मला ठाऊकच होतं. ज्यांनी चोर म्हटलं, त्यांना सांगा.” म्हणून हे पत्र. हार सोबत पाठवतेय. माझं तोंड पाहू नकोस, चालेल, पण आधी त्यांच्याकडे जा. लॉन्ड्री सहाला बंद होते.

तू म्हणू देशील तर तुझीच,
ताई