फाटकापाशी केस बांधणारी बाई

सॅन होजे, मार्च २००४

प्रिय थोआ,

बाळाचा फोटो पोचला. नाक अगदी तुझं, आणि हट्टही तुझाच असणार. तू रुसली आहेस, ते फोनवरच्या "बरं, ठेवते" वरूनच कळलं. रुसशील नाहीतर काय! पहिलटकरीण पोर ह्यूस्टनहून तीनतीनदा विनवते, "आई, महिनाभर ये, शेकायला तूच हवीस," आणि मी गुडघ्यांचं निमित्त सांगते. गुडघे धडधाकट आहेत गं. कच्ची पपई घालून डुकराच्या पायांचं सूप करायला, आल्याच्या दारूने पाठ चोळायला मला कोणी शिकवायला नको. पण बाळंतिणीच्या उशाशी तिची आई बसते, आणि तुझी आई सेन तिकडे मीथो गावात नदीच्या धक्क्यावर नूडल्सच्या वाट्या विसळत बसली आहे. तिला इथे यायला कोणी अडवलंय? मी. हे फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून लिहिते.

आपल्या गल्लीत माझं कापडाचं दुकान होतं. तुझे कुरळे केस दिसले की मी पायरीवर पाणी ओतायची, तू बसू नयेस म्हणून. सेनला मी अमेरिकेची उष्टी म्हणायची, पाठीमागे आणि कधीकधी तोंडावरही. पंचाहत्तर साली अमेरिकन लोक घाईघाईने निघून गेले. तुझा बाप त्याआधीच गेला होता. त्याच आठवड्यात सेनने नव्या राजवटीच्या भीतीपोटी त्याचा एकुलता फोटो चुलीत घातला. माझा नवरा खाय हरलेल्या फौजेतला, तो सहा वर्षं कैद्यांच्या छावणीत सडला. आणि मग अठ्ठ्याऐंशीत बातमी आली: अमेरिकेने कायदा केलाय, त्यांच्या शिपायांची पोरं आई आणि तिच्या घरच्यांसकट तिकडे जाऊ शकतात. दोन्ही सरकारं एकमेकांचं तोंड बघत नव्हती, पण सायगावात टेबलखुर्च्या मांडून अमेरिकन साहेब पोरं न्यायला बसले! ज्या तोंडापायी तुला दगड मारले, तेच तोंड आता पासपोर्ट झालं.

माझ्या विन्हला अठरावं, म्हणजे फौजेच्या सक्तीच्या भरतीचं वय, लागत होतं. गल्लीतली दोन मुलं कंबोडियाच्या लढाईतून पेटीत परत आली होती. मी संत्र्यांची टोपली घेऊन सेनच्या झोपडीत गेले. लाज? लाज मी दुकानातच ठेवून गेले होते. तिचे पाय धरले, माझ्या मुलाला वाचव म्हटलं. ती बिचारी स्वतःच कावरीबावरी झाली. "तुम्ही शिकलेल्या आहात, ताई. मला तिकडे काय कळणार? तुम्हीच हिची आई होऊन जा. पोरीला शाळेत घाला, आणि वर्षभरात मला बोलवा," एवढंच म्हणाली. मी खायच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, बोलावते म्हणून. आणि थोआ, आदल्याच दिवशी अर्ज भरणाऱ्या दलालाने मला स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, कागदावर माणसाला आई एकच. तुम्ही झालात की ती कायमची बाद." हे ऐकून घेतल्यावर मी शपथ घेतली. तुझ्या आईला वाटतं, मला जमलं नाही. मला कधी जमणारच नव्हतं.

मुलाखतीचा तुझा भाग तुला ठाऊक आहे. साहेबाने विचारलं, लहानपणी ही काय खायची नाही, आणि माझी दातखीळ बसली. तूच हसत म्हणालीस, "कारल्यावरून मला किती बदडलंय ते सांगायला आईला लाज वाटते." दुभाष्यासुद्धा हसला. पुढचं तुला ठाऊक नाही, कारण तुला बाहेर पाठवलं होतं. साहेबाने कागदावरून मान वर करून विचारलं, "सकाळी फाटकापाशी हिचे केस बांधून देत होती, रडत होती, ती बाई कोण?" मी म्हटलं, "मोलकरीण आहे आमची." त्याने ते लिहून घेतलं. बाहेर आले तर सेनने केळीच्या पानात चिकट भात बांधून आणला होता, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही. मी तो खाल्ला गं. सगळा खाल्ला.

इथे आल्यावर तू मला आई म्हणालीस ते साहेबांसमोर, शाळेत. आणि मग घरातही म्हणायला लागलीस. अठ्ठ्याण्णव साली तू वकिलाकडून आलीस आणि "सेनआईचा अर्ज बसत नाही म्हणे" म्हणत भात ढवळायला लागलीस. पुढच्या रविवारी देवळात त्या वकिलाच्या कारकुनाची बायको माझ्या कानाशी लागली. अर्ज बसत होता. मी, न्हान, तुझी आई नाही, एवढं एक वाक्य तू लिहून द्यायचं होतंस. तू विचारलंस, मग न्हानचं काय होईल? माझं नागरिकत्व जाऊ शकतं, असं कळल्यावर म्हणालीस, "मग राहू दे." माझ्यासाठी! पायरीवर पाणी ओतणाऱ्या बाईसाठी! आणि मी काय केलं? घरी येऊन तुला म्हटलं, सूप आळणी झालंय. सहा वर्षं मी गप्प बसले, तुझ्या हातचं जेवले, आणि प्रत्येक नववर्षाला सेनशी फोनवर बोलताना "प्रयत्न चाललाय" म्हणत राहिले.

तू महिनाभर ये म्हणालीस तेव्हा मात्र मी वकिलाचा नंबर शोधून काढला. मंगळवारी मी वकिलाला घेऊन सरकारी कचेरीत गेले आणि सगळं लिहून दिलं. खाय आता नाही, त्यामुळे माझ्याबरोबर बुडणारं कोणी उरलेलं नाही. विन्ह तेव्हा पोरसवदा होता, त्याच्यावर ठपका येणार नाही म्हणतात, तरी तो धास्तावलाय. "या वयात हे काय सुचलं तुला?" म्हणून ओरडला. तुझं काही जात नाही, वकिलाने मला दोनदा समजावून सांगितलं. तू खरीच होतीस, खोटी मी. सोबतचे कागद घे, रक्ताची तपासणी कर, आणि सेनचा अर्ज भर. माझी दया येऊन पुन्हा "राहू दे" म्हणालीस तर बघ! तिथला अधिकारी कोवळा होता, पेन धरून त्याने विचारलं, मुलीच्या आईचं नाव? शाळेत, दवाखान्यात, तुझ्या लग्नाच्या कागदावर, सगळीकडे मी आजवर माझं सांगत आले. या वेळी सेनचं सांगितलं. मग त्याने विचारलं, "आणि तुम्ही तिच्या कोण?" मी म्हटलं, तिलाच विचारून सांगते. तो रकाना त्याने कोराच ठेवलाय. त्यात काय लिहायचं ते तू कळव, काहीही असलं तरी मी तेच सांगेन.

तुझीच,
न्हान