डावीकडची जागा

रवि. ४ जाने. ९८
पाळकसाहेबांचा आजचा विषय 'चालणे'. साक्ष द्यायची म्हणजे माणसाबरोबर चालायचं. पुढून ओढायचं नाही, मागून ढकलायचं नाही. इथपर्यंत छान. मग उदाहरण दिलं ते दानीएल कंपौंडरचं. नामदेवच्या छातीत दुखल्यापासून डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलंय, तर हा रोज सकाळी त्याच्याबरोबर पाटाच्या कडेने चालतो. नामदेव म्हणे त्याला प्रार्थना करायला सांगतो.

नामदेव माझा दोस्त. एका भोंग्यावर लाऊडस्पीकरचा धंदा सुरू केला तेव्हापासूनचा. चर्चच्या सभेला माईक माझा, बॉक्स माझे, आणि नाव दानीएलचं.
घरी ही म्हणाली, "आज तुमचं आमेन जरा उशिरानं आलं."

मंगळ. ६
मखमलाबादच्या मळ्यातून फूलबाजारापर्यंत नामदेवला टेम्पोत घेतो, पंधरा वर्षं झाली. दर खेपेला प्रभूविषयी सांगितलं. हा मान हलवणार, "हां, बरोबर." प्रश्न एक नाही. नवा करार दिला तर कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवला.

आणि आज त्याची सिंधू कौतुकानं सांगते, "यांनी दानीएलभाऊंना इचारलं, तुमचा येशू आजाऱ्यापाशी बसायचा का?" तीन आठवड्यांत! जेवण गेलं नाही.

गुरु. ८
सकाळी गुपचूप त्यांच्या मागे वीस पावलांवर चाललो. मफलर डोक्याला, पण कान मोकळे. दहा बॉक्स वाजत असले तरी कुठल्याचा कागदी कोन फाटलाय ते सांगणारा मी. म्हटलं, याची युक्ती तरी कळेल. ऐकलं ते असं: शेवंतीवरचा करपा. सुनेचं बाळंतपण. "जरा बसू का?" "बसू." मग पाटावरच्या मोरीपर्यंत काही नाही.
यात सुवार्ता कुठे होती?

शनि. १०
आज उघड गेलो. दानीएल म्हणाला, "या शमुवेलराव, बरं झालं." नामदेवच्या उजवीकडून चालत पुष्कळ बोललो. तेच, "हां, बरोबर." दानीएल मात्र डावी बाजू सोडत नाही. तिकडून दूधवाले खेटून जातात तरी नाही. जागा रिझर्व्ह केल्यासारखी. राग आला. मोरीपाशी वाट अरुंद झाली तसा मधे घुसलो आणि डावीकडे आलो.

नामदेव हसला. "आता कसं. त्या बाजूनं मला ऐकू येत नाय, सामू. ल्हानपणी कान फुटला तवापासून."
"इतकी वर्षं बोलला का नाहीस?"
"तुझ्या गाडीत फुकट बसायचं, आन् वर ऐकू येत नाय म्हणायचं? तू लय मनापासून बोलायचास. बघायला बरं वाटायचं."

टेम्पोत तो माझ्या डावीकडे. म्हणजे त्याचा उजवा कान माझ्याकडे. पंधरा वर्षं.

रवि. ११
उपासनेनंतर दानीएलला विचारलं, तुला कधी कळलं?
"पहिल्याच दिवशी. हाक मारली तर मान भलतीकडेच वळली. तुम्हाला तर माहीतच असणार, एवढी दोस्ती."
"हो, माहीत होतं की."
चर्चच्या आवारात उभं राहून खोटं बोललो. त्याने ओळखलं असावं. काही म्हणाला नाही, त्याचाच जास्त राग येतो.

मंगळ. १३
कडक थंडी. मला येताना पाहून दानीएल आपणहून नामदेवच्या उजवीकडे गेला. डावी बाजू माझी. उपकार.

थोडं चालल्यावर नामदेव म्हणाला, "सामू, टेम्पोत तू काय सांगायचास रे? आता सांग."
पंधरा वर्षांचं पाठ. तरी म्हटलं, "जरा दम घेऊ दे."
"घे की. मला कुठं घाई हाय."

मग नुसते चालत राहिलो. माझ्या कानाला सवय वाईट. माणसं तिघं, पण पावलांचे आवाज दोनच. नामदेवचं आणि दानीएलचं पाऊल एकदम पडत होतं, न ठरवता. माझं एकट्याचं वेगळं, खट् खट्. नामदेव तोंड माझ्याकडे करून चालला होता आणि पाय दानीएलबरोबर.

दोनदा पाऊल बदललं. चुकलं. तिसऱ्यांदा कुठे जुळतंय तोच मोरी आली, आणि नामदेव चालता चालताच म्हणाला, "हं, बोल."