ठकूची गाठ

३ जून
आंघोळीनंतर ठकूला पुसताना छातीवर डाव्या बाजूला, बोंडाखाली काहीतरी लागलं. बटणाएवढं, कडक. दाबलं तर ओरडली — "आई, दुखतंय ना!" आत्ता कुठे नववं लागलंय पोरीला!

४ जून
ह्यांना सांगितलं. चेहरा पांढराफटक. सासूबाई छातीच्या गाठीनेच गेल्या. "आईसुद्धा बघू, बघू करत राहिली," एवढंच बोलले. ताटावरून उठले.

८ जून
मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफीही करवली. काळजीचं काही नाही म्हणाल्या. या वयात तिथे चाकू नको, सुईसुद्धा नको. काही महिन्यांनी पुन्हा दाखवा. का नको, ते मी विचारलंच नाही. जीव भांड्यात पडला आणि तशीच उठले.
हे म्हणतात, "थांबा म्हणायला तिचं काय जातंय?"

१५ जून
वन्सं आल्या, सल्ल्यांचं गाठोडं घेऊनच. "मुलीची जात. उद्या लग्नाच्या वेळी काही निघालं म्हणजे?" मी डॉक्टरीणबाईंचं सांगायला लागले, तर हे मलाच — "औषधाच्या दुकानात गोळ्या विकून तू डॉक्टर झाली नाहीस!" वन्संसमोर! मी भांडी घासत राहिले. एक कप फुटला. फुटू दे.

२३ जून
मोठे सर्जन. बोट लावलं न लावलं, म्हणे — "काढून टाकू. तुमच्या डोक्याचा ताप जाईल." ठकूने विचारलं, "मला दुखेल?" ते ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "शाळा फारशी बुडणार नाही."
मी सही करणार नाही म्हटलं.
"बापाची चालते," हे म्हणाले.

२ जुलै
काढली.

१० जुलै
रिपोर्ट चांगला. कॅन्सर नाही, काहीच वाईट नाही. ठकूला कवटाळून हे लहान पोरासारखे रडले. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. वन्संचा फोन — "बघ, उगाच आडवी येत होतीस." मीही हसले. हसायलाच हवं ना! सगळं चांगलं झालं आणि तोंड कडू कुणाचं? माझंच.

१९ ऑगस्ट
ठकू आता दार लावून कपडे बदलते. मला आत येऊ देत नाही.

१४ डिसेंबर
शाळेतून आल्या आल्या ठकू कानात म्हणाली, "आई, आता उजवीकडेपण आली. बाबांना सांगू नको, पुन्हा कापतील." दुकानात रजा टाकून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बघितलं. डाव्या बाजूचा व्रण बघितला. मग ठकूला बाहेर बसायला पाठवलं.
म्हणाल्या, ही गाठ नाही. मुलगी वयात येतेय. छाती वाढायला लागते ती अशीच, कडक बटणासारखी; काहींना आधी एकाच बाजूला येतं.
काढली तीही गाठ नव्हती. तिथे आता काही वाढणार नाही.