बँकेच्या मशीनला अक्षता

२४ सप्टेंबर
बँकेचं मशीन आलं. कॅल्क्युलेटरएवढं. कार्ड खुपसायचं, पिन दाबायचा, मग ते नंबर दाखवतं. तो कॉम्प्युटरवर टाकला तरच पैसे जातात. मोबाइलवरचं बँकिंग मी अर्ज देऊन बंद करवलं. आता माझ्या खात्याला ब्रह्मदेवही हात लावू शकत नाही. मॅनेजर म्हणाले, असं कोणीच करत नाही. बरं वाटलं.

पिन इथेही लिहिणार नाही.

२६ सप्टेंबर
तृप्तीची नर्सिंगची परीक्षा-फी सहा तारखेपर्यंत ऑनलाइन भरायची. नाही तर वर्ष वाया. मी म्हणालो, बापाकडे मशीन आहे. खंडेनवमीला पूजा झाली की पहिला मान तुझ्या फीचा. ती म्हणाली, बाबा, आजच भरून टाका ना, फालतूचं टेन्शन. मुलांना मुहूर्त कळत नाही.

इतवाऱ्यातला सायबर कॅफेवाला ललित म्हणाला, मी भरून देतो. परक्याच्या मोबाइलवरून माझ्या मुलीची फी? साफ नकार.

२८ सप्टेंबर
बायको सुनंदा आणि तृप्ती इच्छापूरला देवीच्या दर्शनाला गेल्या. मलाही जायचं होतं. पण मशीन घरी एकटं कसं ठेवणार? न्यावं तर तिथे गर्दी. दिवसभर कपाटासमोर बसलो. संडासलाही खिशात घेऊन गेलो. कंटाळा आला असं नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
दुकानातला कापड मोजायचा गज, कात्री, शिलाई मशीन, आणि मधोमध बँकेचं मशीन. हळद, कुंकू, अक्षता. फुलाने पाणी शिंपडलं. सुनंदा म्हणाली, अहो, त्याला पाणी नका लावू. मी विचारलं, शिलाई मशीनला चालतं, मग याने काय घोडं मारलं?

संध्याकाळी ७
कार्ड आत जाईना. खाचेत अक्षता. सुनंदाच्या केसांच्या पिनेने दोन काढल्या. बाकीच्या आत सरकल्या.

३ ऑक्टोबर
कार्ड गेलं! पण चारचं बटण कुंकवाने चिकटलंय. एकदा दाबलं की दोनदा उमटतं. तीनदा पिन चुकला. मशीन लॉक. (पिनमध्ये चार आहे हे लिहायला नको होतं.)

४ ऑक्टोबर
बँकेत गेलो. मॅनेजरांनी मशीन नाकाशी धरून पाहिलं. म्हणाले, नवीन इंदूरहून येईल, पंधरा-वीस दिवस लागतील. मग मोबाइलचं चालू करा, म्हटलं. ते म्हणाले, तुमच्याच अर्जात लिहिलंय की मशीनच्या नंबराशिवाय काहीही बदलू नये. अर्ज फारच पक्का लिहिला होता मी.

तृप्तीने विचारलं, फी झाली का? सांगितलं, प्रोसेसमध्ये आहे.

५ ऑक्टोबर
जेवण गेलं नाही. पोरीचं वर्ष माझ्या मुठीत, आणि मूठ मलाच उघडता येईना. भीती वाटते. पण ललितकडे जाणार नाही. नाही म्हणजे नाही.

६ ऑक्टोबर, सकाळी ९
गल्ल्यातली रोकड घेऊन ललितकडे गेलो.

तो म्हणाला, काका, फी तर कधीच भरली. इच्छापूरला जाता जाता काकू आणि तृप्ती इथे थांबल्या होत्या. काकूंनी त्यांच्या पैशांतून भरली. म्हणाल्या, ह्यांना सांगू नको, मशीनवर फार जीव आहे त्यांचा.

दुपारी १
घरी आलो. तृप्तीने पुन्हा विचारलं, बाबा, फी झाली का?
मी म्हणालो, झाली. मशीनवरूनच.
ती थँक्यू म्हणाली. खूप प्रेमाने म्हणाली.