विहिरीतले एकशे अठरा

३ नोव्हेंबर
चंपतरावांच्या विहिरीत ११८! बाकी पाचही विहिरी तिसाच्या आसपास. माझा भागीदार सौरव म्हणतो, सेन्सर गंडला. मलाही तेच वाटतं. एवढं नायट्रेट विहिरीत असतं होय?

मौद्याकडच्या सहा विहिरींत आमचे सेन्सर सोडून आठवडा झाला. पाण्यात खतातलं नायट्रेट किती उतरलंय ते कळलं की शेतकरी युरिया तेवढा कमी टाकेल, एवढंच आमचं म्हणणं. वीस तारखेला खरेदीदारांसमोर प्रात्यक्षिक. त्याआधी हा आकडा निस्तरायला हवा.

४ नोव्हेंबर
वाडीतल्या आमच्या कामाच्या खोलीवर सेन्सर पुन्हा तपासला. खाली ट्रक लागला की टेबल हलतं, त्यामुळे दुपार गेली. ११७. पाण्याची बाटली लॅबला दिली. आठ-दहा दिवस लागतील म्हणे.

६ नोव्हेंबर
मौद्याला गेले. चंपतरावांना माझी कीवच आली असावी. "पानी तं गोड आहे, म्याडम. आज्यापासून पिऊन राहिलो आमी. तुमचं मशीनच बिघडलं असन."

पितात! मी शेतीचं पाणी म्हणून मोजत होते. घरात त्यांची लेक दामिनी बाळंतपणाला आलेली, बाळ तीन आठवड्यांचं. अंगावरचं दूध पुरत नाही, म्हणून पावडरचं दूध याच पाण्यात कालवतात. पंचेचाळिसाच्या वरचं पाणी तान्ह्या बाळाला बाधतं, रक्तातून प्राणवायू नीट पोचत नाही — हे मला पाठ आहे. पण आकडा खोटा निघाला तर? सौरवने बजावलं होतं, रिपोर्ट येईपर्यंत आकडा बोलू नकोस, गावभर हसं होईल.

निघताना दामिनीच्या आईला, वच्छलाबाईंना, एवढंच म्हटलं की बाळाच्या पाण्याची जरा काळजी घ्या. त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं.

९ नोव्हेंबर
लॅबकडून काही नाही.

१३ नोव्हेंबर
रिपोर्ट आला — ११६! सेन्सर अचूक. सौरवने पेढे आणले, मी तीन खाल्ले. प्रात्यक्षिकाला याहून चांगला आकडा मिळणार नाही, असं तो म्हणाला आणि मला ते पटलंही.

चंपतरावांचा फोन लागला नाही. उद्या जाऊनच सांगेन, बाळाला कॅनचं पाणी द्या म्हणून.

१४ नोव्हेंबर, दवाखान्यात
मौद्याला पोचले तर बाळाचे ओठ, नखं जांभळी. घरचे म्हणत होते, थंडीनं. तसंच गाडीत घालून आणलं.

वाटेत वच्छलाबाई सांगत होत्या, "तुमी काळजी घ्याले सांगतलं ना, तवापासून चुलीवर गंजभर पानी अर्धं होयेपर्यंत आटवते. मंगच बाळाले देते."

पाणी आटतं. नायट्रेट आटत नाही, अर्ध्या पाण्यात दुप्पट होतं. हे मला सहा तारखेला एका वाक्यात सांगता आलं असतं. माझी मलाच लाज वाटते.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. बाळाला आत नेलंय. वच्छलाबाई शेजारी बसल्या आहेत. तुमी वेळेवर आल्या, देवच पावला, असं मघापासून तीनदा म्हणाल्या. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.