बिस्किटांच्या डब्यातलं वजन

प्रिय व्हर्डेल,

आमच्या सरकारी इमारतीत दारोदार चिठ्ठ्या लागल्यात. कोर्टाने म्हटलंय, सरकारी घरात राहिलं म्हणून बंदूक बाळगायचा हक्क जात नाही. घराच्या करारातलं बंदूकबंदीचं कलम रद्द. ज्याच्याकडे असेल त्याने शुक्रवारपर्यंत ऑफिसात लिहून द्यावं. मी शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं. खालची ओरेथा म्हणाली, "हक्क दिलाय ना, मग यादी कशाला गं? आधी मोजतील, मग हाकलतील." मलाही तसंच वाटलं.

एलरॉयचं पिस्तूल तुला ठाऊक आहे. शेजारी दरोडा पडला तेव्हा आणलेलं, बिस्किटांच्या डब्यात चिकटपट्टी लावून ठेवलेलं. सापडतं तर घर गेलं असतं. तो गेला, मी विधवा झाले; त्यानंतरची चार वर्षं, घराची तपासणी असली की मी तो डबा चाकांच्या पिशवीत टाकून, वर भजनाची पुस्तकं रचून, चर्चमध्ये जाऊन बसायचे. पास्टरबाई म्हणायच्या, "बहिणी, तुझी भक्ती फार जड झालीय."

परवा फॉर्मसाठी पिस्तुलावरचा नंबर बघायला डबा उघडला. फडक्यात हात घातला तर पिस्तूल नाही, कसलंसं गार लोखंड. झाकण लावलं. पहिला संशय दुरुस्तीवाल्या डुप्रीवर, त्याच्याकडे सगळ्या घरांची किल्ली असते. नळ गळतोय, तरी त्याला आत घेतलं नाही. मग ओरेथावर, माझी दुसरी किल्ली तिच्याकडे असते. तिने आणलेला मक्याचा पाव परत केला. "विष नाही घातलंय त्यात," एवढंच बोलली आणि गेली.

काल फडकं पूर्ण सोडलं. आत आपल्या आईची कॉलरची छोटी इस्त्री. आईनंतर ती तुझ्याकडे गेली होती. एलरॉयच्या दफनानंतर आठवडाभर तू इथे होतीस, मला न्हाणीघराचीही कडी लावू देत नव्हतीस. पाळत ठेवतेस म्हणून मी चिडले होते. त्या आठवड्यात मी तो डबा दोनदा खाली काढला, व्हर्डेल. उघडला नाही, पण पट्टीला नख लावलं होतं. ती उचललेली कड तुला दिसली असणार. मग चार वर्षं मी चर्चमध्ये इस्त्री ओढत नेली आणि तू एक शब्द बोलली नाहीस.

ओरेथाकडे जाऊन पाव मागून आणला. फॉर्मवर 'नाही' लिहिलं, आणि ते खरं आहे. हक्क माझा आहे, तो असू दे. एलरॉयची वस्तू तुझ्याकडेच ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस. इस्त्री न्यायला मात्र स्वतः ये.

तुझीच,
अर्लीन